बॉल बघू नका: पर्ड्यूचा ऑफेन्स बघायला कसं शिकायचं

पर्ड्यूला, म्हणजे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या युनिव्हर्सिटीला, ॲडमिशन मिळालेली पोरं आणि इकडे सांगली-पुण्यात पहाटे उठून लिंक शोधणारे त्यांचे आईबाबा, दोघांसाठी लिहितेय. मी तिथे मास्टर्सला होते, २०२२ च्या ऑगस्टपासून २०२४ च्या मे पर्यंत, म्हणजे नेमकी ती दोन वर्षं ज्यात बास्केटबॉल टीमने आधी आम्हाला रडवलं आणि मग थेट फायनलला नेलं. जाण्याआधी बास्केटबॉलमधलं मला इतकंच माहीत होतं की रिंगमध्ये बॉल टाकायचा. पहिल्या मॅचला सगळे ओरडायचे तेव्हा मी ओरडायचे, आणि नक्की काय भारी झालं ते मला कळायचंच नाही. ज्या टीमचा ऑफेन्स, म्हणजे बॉल स्वतःकडे असतानाचा खेळ, खरंच सुंदर असतो तिची मॅच अशी नुसती स्कोअर बघत घालवणं म्हणजे फार मोठं नुकसान आहे, म्हणून हे सगळं.

आधी टायमिंगचं बघून घ्या, कारण भारतातून बघणाऱ्यांचं तिथेच चुकतं. पर्ड्यूचं गाव वेस्ट लाफायेट इस्टर्न टाइममध्ये येतं. संध्याकाळी ७ ची मॅच म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच, रात्री ९ ची म्हणजे सकाळी साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, मग तीच ७ ची मॅच आपल्या पहाटे साडेचारला येते, आणि खरी मजा नेमकी मार्चमध्येच असते तेव्हा अलार्म बदलायला विसरू नका. सीझन नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, पण थांबत थांबत दोन तास सहज जातात.

आता मुद्द्याचं. तुम्ही जर कबड्डी बघितली असेल, आणि आमच्या सांगलीकडे न बघितलेला माणूस सापडणं अवघड, तर निम्मं काम झालेलंच आहे. पझेशन म्हणजे चढाई. आता कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात, तसंच कॉलेजच्या पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये शॉट घ्यायला ३० सेकंद असतात. तेवढ्यात शॉट नाही घेतला, म्हणजे बॉल किमान रिंगला तरी लागला नाही, तर बॉल गेला समोरच्याकडे. एका मॅचमध्ये प्रत्येक टीमला साधारण ६५ ते ७० अशा चढाया मिळतात. म्हणून ऑफेन्स चांगला की वाईट हे एकूण स्कोअरवरून ठरवायचंच नाही, चढाईमागे किती पॉइंट आले ते बघायचं. पळापळ करणारी टीम ८५ करते पण ८० चढायांत करते, सावकाश खेळणारी ७८ करते पण ६३ चढायांत, तर दुसरी टीम कितीतरी भारी. एका पझेशनमागे एक पॉइंट म्हणजे ठीकठाक, १.१ म्हणजे चांगलं, आणि १.२ च्या वर सातत्याने असेल तर ती टीम देशात पहिल्या काहींत असते हे डोळे झाकून समजा.

हे बाबांना फोनवर सांगितलं आणि त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून वही घातली. तुम्हीही घाला, खरंच. पर्ड्यूकडे बॉल आला की एक खूण, आणि त्या खेपेला जितके पॉइंट आले ते समोर लिहायचे: शून्य, दोन, तीन, फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) एक. शॉट चुकला पण आपल्याच माणसाने रिबाउंड (चुकून परत उडालेला बॉल) घेतला तर नवीन खूण नाही करायची, तीच चढाई चालू आहे. दहा खुणा झाल्या की बेरीज. दहाला बारा आले की समजायचं पोरं फॉर्मात आहेत. बेरजेपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे या वहीमुळे प्रत्येक खेपेकडे लक्ष द्यायची सवय लागते आणि शून्य का आला हा प्रश्न आपोआप पडायला लागतो. बॉल हरवला? घाईचा शॉट? की शॉट चांगला होता पण नुसता पडला नाही? ही तीन शून्यं एकसारखी नाहीत, तिसऱ्या शून्याला वाईट वाटून घ्यायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते शिकायला मला जवळजवळ एक सीझन लागला. बॉल बघायचा नाही. बॉल कॅमेरा बघतोच. तुम्ही बाकीचे चौघं बघा.

सुरुवात सोपी करा, एकच माणूस धरा. २०२३-२४ च्या मॅचेस लावत असाल तर झॅक ईडीला धरा, सात फूट चार इंच, चुकून पण नजरेतून सुटणार नाही. टोरंटोचा मुलगा, लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलला हायस्कूलमध्ये आल्यावर लागला, आणि कॉलेजमध्ये सलग दोन वर्षं, २०२३ आणि २०२४, देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तसं सलग त्याच्याआधी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राल्फ सॅम्पसनने केलं होतं. लोक म्हणायचे उंच आहे म्हणून जमतं. तसं नाहीये हो. त्याचे हात बघू नका, पाय बघा. बॉल अजून तीस फुटांवर असतो तेव्हाच तो बास्केटजवळ स्वतःची जागा घेत असतो, डिफेंडरला पाठीवर घ्यायचा, एक पाय त्याच्या पुढे टाकायचा आणि असा ठाण मांडून बसायचा की आता पास फक्त वरून यायचा बाकी आहे. याला सील करणं म्हणतात. पहिल्या खेपेला जागा नाही मिळाली तर बॉल परत बाहेर, तो पुन्हा पाय सरकवणार, पुन्हा जागा घेणार, पुन्हा बॉल आत. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं काय नुसता इकडून तिकडे पास चाललाय. त्या दहा सेकंदांत आत जी कुस्ती चाललेली असते ती बघितली की मग कळतं, पॉइंट शॉटच्या आधीच झालेला होता.

त्याला जमलं की पुढची पायरी, शूटर. बॉलपासून लांब, पलीकडच्या बाजूला, कोपऱ्यात किंवा तीनच्या रेषेबाहेर (जिथून शॉट पडला की तीन पॉइंट) जे उभे असतात ते. फ्लेचर लॉयरला धरा. तो उभा असा राहतच नाही, कायम कोणाच्या तरी आडून पळत असतो. आपला एक गडी भिंतीसारखा थांबतो, लॉयर त्याच्या खांद्याला खांदा घासून निघतो आणि त्याच्या मागचा डिफेंडर त्या भिंतीवर अडकतो, याला स्क्रीन म्हणायचं. मधे जागा मिळते ती एखाद्या सेकंदाची. त्या सेकंदात बॉल तिथे पोचला पाहिजे, उशिरा नाही, लवकर पण नाही, आणि हे काम ब्रेडन स्मिथचं. सहा फुटांचा मुलगा, इंडियानातल्याच वेस्टफिल्डचा, त्या सीझनला मॅचमागे सरासरी साडेसात असिस्ट, म्हणजे ज्यावर लगेच बास्केट होते असे पास. मॅकीमध्ये, म्हणजे पर्ड्यूच्या अरेनात, वरच्या बाजूला बसून मी एकदा फक्त स्मिथची मान बघत बसले होते. तो ज्या बाजूला बघतो त्या बाजूला पास जातच नाही! बघतो ईडीकडे, डिफेन्स पण आत झुकतो, आणि बॉल गेलेला असतो पलीकडच्या कोपऱ्यात.

रेकॉर्डिंग असेल तर एकच पझेशन तीनदा बघा. एकदा नेहमीसारखं बॉलबरोबर, एकदा आतल्या मोठ्या माणसाचे पाय, एकदा लांबच्या कोपऱ्यातला शूटर. एका मॅचमधली अशी पाच-सहा केली तरी बास, पुढच्या लाइव्ह मॅचला डोळा आपोआप तिकडे जायला लागतो.

आता थोडं गणित, घाबरू नका, भाजीच्या हिशोबापेक्षा सोपं आहे. आतून दोनचे दहा शॉट मारले आणि सहा पडले तर बारा पॉइंट. बाहेरून तीनचे दहा मारले आणि चारच पडले तरी बारा पॉइंट. म्हणजे बाहेरचे ४० टक्के आणि आतले ६० टक्के एकाच भावाचे. आणि २०२३-२४ ला पर्ड्यूचं काय होतं? ईडीचे ६० टक्क्यांच्या वर शॉट पडायचे आणि टीमचे तीनचे ४० टक्क्यांच्या वर. डिफेन्सने करायचं काय? ईडीवर दोन माणसं टाकली तर बाहेर एक मोकळा, बाहेर चिकटून राहिलं तर आत ईडीसमोर एकच डिफेंडर. दोन्हीकडे नुकसान सारखंच! हे गणित मला जेव्हा कळलं ना, तेव्हापासून मी प्रत्येक खेपेला फक्त एवढंच बघायचे की समोरच्यांनी आज कुठलं दुखणं निवडलंय. तुम्ही पण पहिल्या पाच मिनिटांत हेच ओळखायचा प्रयत्न करा, ईडीला बॉल मिळाल्याक्षणी दुसरा माणूस धावत येतो का, आला तर कोणाला सोडून आला. ज्याला सोडून आला त्याच्याकडे नजर ठेवा, दोन पासनंतर बॉल तिथेच येणार.

हेच गणित उलटं कसं फिरतं ते मी आदल्या वर्षी बघितलं होतं. १७ मार्च २०२३, देशाचा विजेता ठरवणाऱ्या एनसीएए स्पर्धेची पहिलीच फेरी, पर्ड्यू एक नंबर सीड (मानांकन) आणि समोर फेअरले डिकिन्सन, सोळावं सीड, त्या वर्षी डिव्हिजन वनमधली (कॉलेज खेळाचा सगळ्यात वरचा गट) उंचीने सगळ्यात लहान टीम. त्यांनी सरळ ईडीला पुढून-मागून घेरलं आणि बाहेरच्यांना म्हटलं मारा. मोकळे शॉट होते हो! तीनचे २६ मारले आणि पाच पडले. ६३-५८ ने हरलो. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या सीडने पहिल्याला हरवायची ती फक्त दुसरी वेळ. आमच्या हॉलमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही, मी नुसती भांडी घासत राहिले. पण ऑफेन्स शिकायचा असेल तर ही मॅच बघाच, दुखलं तरी बघा, कारण पुढच्या वर्षीची टीम का भारी होती ते या मॅचशिवाय कळत नाही. कोच मॅट पेंटरने ईडीला बदललं नाही, ईडीच्या भोवतालचं बदललं. सदर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीहून लान्स जोन्स आला, स्मिथ आणि लॉयर एक वर्ष मोठे झाले, आणि आदल्या वर्षी ३२ टक्क्यांच्या आसपास असलेले तीनचे शॉट ४० च्या पुढे गेले. माझ्या मते त्या सीझनची सगळी गोष्ट एवढ्या एका फरकात आहे.

अरेनात जाणार असाल तर दोन-चार गोष्टी. मॅकी १९६७ पासून आहे, १४ हजारांवर माणसं बसतात आणि आवाज छताला लागून परत अंगावर येतो, पहिल्या वेळी कान दुखतात. स्टुडंट असाल तर पेंट क्रूमध्येच जा, म्हणजे स्टुडंट्सचा तो काळ्या-सोनेरी कपड्यातला घोळका, नाव कोच पेंटरवरून. काळं किंवा सोनेरी घाला, लाल अजिबात नको, लाल म्हणजे इंडियाना युनिव्हर्सिटी, आपले हाडवैरी! कोणी ‘बॉयलर अप’ म्हटलं की उत्तर ‘हॅमर डाउन’, हे रस्त्यात, विमानतळावर कुठेही चालतं, मला एकदा शिकागोला जॅकेट बघून एका आजोबांनी म्हटलं आणि आम्ही दोघं पाच मिनिटं टीमवरच बोलत बसलो.

आणि ओरडायचं कधी ते नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याला क्रिकेटची सवय, आपला बॅट्समन खेळतोय म्हणून आपण ओरडतो. इथे उलटं आहे. समोरच्यांकडे बॉल असताना गदारोळ करायचा, त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. आपल्याकडे बॉल आला की आवाज खाली, आपल्या पोरांना ठरवलेल्या चालींचे नंबर, खुणा ऐकू आल्या पाहिजेत. आपल्या फ्री थ्रोला तर एकदम शांत. मग त्या शांततेत लॉयर स्क्रीनच्या आडून निघायचा, स्मिथचा पास निघायचा, आणि शॉट हवेत असतानाच अख्खं स्टेडियम श्वास आत घ्यायचं. तो आवाज, म्हणजे आवाज नसलेला तो अर्धा सेकंद, मला आजही आठवला की काटा येतो अंगावर. ते टीव्हीवर येत नाही.

चहाचं पण गणित आहे. प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की त्यानंतर खेळ जिथे थांबतो तिथे टीव्हीचा टाइमआउट होतो. तेव्हा उठा, चहा ठेवा, पण टाइमआउट संपायच्या आत परत या. टाइमआउटनंतरचं पहिलं पझेशन चुकवायचं नाही. पेंटर स्वतः पर्ड्यूचाच जुना खेळाडू, आधीचे कोच जीन केडींच्या हाताखाली खेळलेला, २००५ पासून हेड कोच, आणि टाइमआउटमध्ये पाटीवर आखून दिलेली चाल पोरं जशीच्या तशी काढतात ते बघणं म्हणजे पर्वणी आहे. त्या एका पझेशनला पाचही जण एकाच वेळी हलतात.

फाउलकडे दुर्लक्ष करू नका, हे बरेच जण करतात. बास्केट पडली नाही, फक्त शिट्टी वाजली, म्हणून खेप वाया गेली असं नाही. एका हाफमध्ये समोरच्यांचे सात फाउल झाले की आपल्याला फ्री थ्रो मिळायला लागतात, पहिला पडला तरच दुसरा, आणि दहा झाले की सरळ दोन. शिवाय एका खेळाडूचे पाच झाले की तो बाहेर. ईडी ज्या मॅचमध्ये सुरुवातीलाच समोरच्या मोठ्या माणसाचे दोन फाउल काढायचा, तिथे पुढची वीस मिनिटं तो माणूस एकतर बेंचवर नाहीतर हात मागे घेऊन खेळायचा. वहीत एका कोपऱ्यात समोरच्या सेंटरचे फाउल लिहीत जा.

मग कुठल्या मॅचेस बघायच्या. एनसीएएच्या यूट्यूब चॅनेलवर स्पर्धेच्या मोठ्या हायलाइट्स असतात, तिथून सुरू करा. आधी २०२४ ची युटा स्टेट, १०६-६७. इंडियानापोलिसला होती, घरापासून तासभर, अर्धं गाव तिकडेच गेलेलं. यात शिकायचं काही नाही, नुसता आनंद घ्या, सगळं जसं जमायला हवं तसं जमलेलं आहे.

मग ३१ मार्चची टेनेसी, डेट्रॉइटमध्ये, ७२-६६. ही मात्र वही घेऊन. टेनेसीचा डिफेन्स देशात नावाजलेला, त्यांच्या डाल्टन कनेक्टने ३७ मारले, आणि इकडे ईडीने ४० पॉइंट आणि १६ रिबाउंड. या मॅचमध्ये बाहेरून फारसं पडत नव्हतं, मग पोरांनी घाई न करता पुन्हा पुन्हा आत, पुन्हा आत, ईडीने एकट्याने २२ फ्री थ्रो मारले. १९८० नंतर पहिल्यांदा पर्ड्यू फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चारांत. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आमच्या कॉम्प्लेक्समध्ये ज्यांच्याशी कधी हाय-हॅलो नव्हतं अशा लोकांना मी मिठ्या मारल्या. केडींना इतकी वर्षं कोच असून तिथवर जाता आलं नव्हतं हे माहीत असलेले जुने लोक तर रडत होते.

आणि शेवटी फायनल. ८ एप्रिल २०२४, तिकडे रात्री ९.२०, म्हणजे आपल्याकडे ९ एप्रिलची सकाळ, गुढीपाडवा! त्याच दुपारी इंडियानात सूर्यग्रहण झालेलं, इंडियानापोलिसला तर खग्रास. घरी आई गुढी उभारत होती, फोन एका हातात, आणि मला म्हणाली ग्रहण सुटलंय आता, पाडवा आहे, जिंकतील बघ. बाबा वही घेऊन बसलेले. समोर यूकॉन, म्हणजे कनेक्टिकट युनिव्हर्सिटी; हाफटाइमला ते ३६-३० ने पुढे, अजून सगळं हातात होतं.

हरलो, ७५-६०. पण बाबांनी तिकडून जे ओळखलं ते मला समोर बघून पण लगेच कळलं नव्हतं. ते म्हणाले, अगं हे ईडीला थांबवतच नाहीयेत. खरंच थांबवत नव्हते. यूकॉनच्या कोच डॅन हर्लीने डोनोव्हन क्लिंगनला, सात फूट दोन इंच, बराच वेळ ईडीसमोर एकटंच सोडलं, मदतीला दुसरा माणूस जवळजवळ पाठवलाच नाही, आणि बाकीचे चौघं आपापल्या शूटरला असे चिकटून राहिले की स्मिथला पास टाकायला जागाच दिसेना. ईडीने ३७ केले, बाकी सगळ्या टीमने मिळून २३. पूर्ण मॅचमध्ये पर्ड्यूने तीनचे मारलेच सात, पडला एक. आदल्या वर्षी २६ मारून पाच पडले ती हार वेगळी आणि सातच मारायला मिळाले ही वेगळी, पहिलीत शॉट चुकले, दुसरीत शॉट जन्मालाच येऊ दिले नाहीत. पर्ड्यूवर माझं कितीही प्रेम असलं तरी त्या रात्रीचा यूकॉनचा डिफेन्स फार मोठा होता हे मान्य करावंच लागतं.

तेव्हा ही मॅच सगळ्यात शेवटी लावा, सकाळी, शांतपणे. दुसरा हाफ सुरू झाला की ईडीकडे बॉल जाऊ द्या, तुम्ही तिकडे बघू नका. कोपऱ्यातल्या शूटरचा डिफेंडर बघा, त्याची पावलं आत वळतात का ते बघा. वळत नाहीत.